गुरुदत्त, जोहरा सेहगल, रविशंकर या सगळ्यांना जोडणारं एक नाव : उदय शंकर

‘आवारा’मधला स्वप्नाचा प्रसंग आठवतोय? ढगांसारखा पसरलेला धूर, वर जाणाऱ्या पायऱ्या, भल्यामोठ्या मूर्ती आणि त्यात राज कपूर-नर्गिस. १९५१ सालच्या या सिनेमातलं ते नृत्य बसवलं होतं मादाम सिम्की नावाच्या एका फ्रेंच बाईंनी.

‘प्यासा’ आणि ‘कागज के फूल’ देणारे गुरुदत्त पुण्यात प्रभात फिल्म कंपनीत आले, तेव्हा त्यांच्याकडे नाच बसवण्याचंही काम होतं. पंडित रविशंकर सतारीकडे वळण्याआधी युरोप-अमेरिकेच्या रंगमंचांवर नाचत होते. शंभरीतही मिश्कील बोलणाऱ्या जोहरा सेहगल आपल्याला आजी म्हणून माहीत आहेत, पण त्यांची सुरुवात नर्तिका म्हणून झाली. आणि मराठी-हिंदी पडदा गाजवणाऱ्या उषा किरण यांचा पहिला सिनेमा होता ‘कल्पना’.

या सगळ्यांना जोडणारा माणूस एकच, उदय शंकर.

भारतातल्या आधुनिक नृत्याचा इतिहास सांगायचा म्हटला तर सुरुवात त्यांच्यापासूनच करावी लागते. आणि गंमत म्हणजे नर्तक म्हणून जगाला त्यांचं नाव कळलं, तेव्हा ते कुठल्याही गुरूकडे रीतसर नाच शिकलेले नव्हते.

उदयपूरमध्ये जन्म, म्हणून नाव उदय

उदय शंकर यांचा जन्म ८ डिसेंबर १९०० रोजी राजस्थानातल्या उदयपूरमध्ये झाला. घराणं मूळचं बंगालचं. वडील श्याम शंकर चौधरी हे संस्कृतचे पंडित आणि बॅरिस्टर. झालावाड संस्थानात ते मोठ्या हुद्द्यावर होते. आई हेमांगिनी देवी गाझीपूरजवळच्या नसरतपूर गावच्या.

वडील कामानिमित्त बाहेर, त्यामुळे लहानपणाचा बराच काळ आजोळी गेला. नसरतपुरात मातादीन नावाचा एक दलित लोकनर्तक होता. त्याचा नाच बघायला छोटा उदय जायचा आणि घरी येऊन तसाच नाचायचा. पुढे जगभर फिरून आल्यावरही लहानपणी मनात घर केलेला नाच म्हणून मातादीनचं नाव त्यांच्या चरित्रात येतं.

पण नाचणारा होणं हे त्या काळी सुशिक्षित घरातल्या मुलाचं स्वप्न असूच शकत नव्हतं. मुलाचा हात चित्रकलेत चांगला होता, म्हणून १९१८ मध्ये त्याला मुंबईला धाडलं. तिथे जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला आणि सोबत गांधर्व महाविद्यालयात थोडं संगीत असं शिक्षण सुरू झालं.

१९२० मध्ये उदय वडिलांकडे लंडनला गेले आणि रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. तिथले प्राचार्य होते विल्यम रोथेनस्टाइन. हे रवींद्रनाथ टागोरांचे जवळचे मित्र. ‘गीतांजली’चा इंग्रजी अनुवाद टागोरांनी यांनाच अर्पण केला आहे. युरोपियन पद्धतीची चित्रं काढणाऱ्या या भारतीय विद्यार्थ्याला त्यांनी ब्रिटिश म्युझियमचा रस्ता दाखवला. तुझ्या देशातली शिल्पं आणि चित्रं आधी नीट बघ, असा त्यांचा सल्ला होता.

म्हणजे भारतीय मूर्तींमधल्या हातांची ठेवण, कमरेचा बाक, पायांची मुद्रा हे सगळं उदय शंकर लंडनच्या म्युझियममध्ये बसून शिकले. नाचाचं व्याकरण त्यांनी ऐकलं नाही, पाहिलं. चित्रकाराच्या डोळ्यांनी.

राधा झाली रशियन, कृष्ण झाला चित्रकार

वडिलांना कार्यक्रम भरवण्याची हौस होती. लंडनमधल्या अशाच काही मदतीच्या कार्यक्रमांत उदय शंकर हौसेने नाचले. त्यातून त्यांचं नाव पोहोचलं अॅना पावलोव्हापर्यंत.

पावलोव्हा म्हणजे त्या काळातली जगातली सगळ्यात प्रसिद्ध बॅले नर्तिका. नुकत्याच आशियाचा दौरा करून आलेल्या पावलोव्हाला भारताने भारून टाकलं होतं. अजिंठ्याच्या चित्रांवरून सुचलेलं एक बॅलेही तिने १९२३ मध्ये रंगमंचावर आणलं. तिला भारतीय विषयांवर अजून काही करायचं होतं आणि त्यासाठी भारतीय माणूस हवा होता.

उदय शंकर यांनी तिच्यासाठी दोन नृत्यं बसवली, ‘राधा-कृष्ण’ आणि ‘हिंदू विवाह’. १९२३ च्या सप्टेंबरमध्ये लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये त्यांचा प्रयोग झाला. राधा झाली पावलोव्हा आणि कृष्ण झाले उदय शंकर. चित्रकलेचं शिक्षण मागे पडलं आणि ते तिच्या कंपनीसोबत अमेरिकेच्या दौऱ्यावर निघाले.

या दौऱ्यात त्यांना बॅले शिकायचा मोह झाला, तेव्हा पावलोव्हानेच त्यांना थांबवलं असं सांगितलं जातं. तुम्ही आमच्यासारखं नाचू नका, तुमच्या देशातलं शोधा, असा तिच्या बोलण्याचा अर्थ होता.

पॅरिसमधली तंगी आणि दोन बायकांची साथ

पावलोव्हाची कंपनी सोडल्यावर उदय शंकर पॅरिसला आले. नाव झालं होतं, पण काम नव्हतं. पोटासाठी ते रात्रीच्या क्लबांत, लोक जेवत-पीत असताना नाचायचे.

याच काळात त्यांना सिमोन बार्बिए ही फ्रेंच मुलगी भेटली. ती पियानो वाजवायची. उदय शंकर यांनी तिला नाच शिकवला आणि ती त्यांची मुख्य जोडीदार झाली. हीच पुढची सिम्की. साडी नेसून पार्वती किंवा राधा म्हणून ती रंगमंचावर आली की ती फ्रेंच आहे हे प्रेक्षकांना सांगावं लागायचं.

दुसरी भेट झाली अॅलिस बोनर या स्विस शिल्पकार बाईंशी. त्यांना उदय शंकर यांच्या हालचालींत शिल्प दिसलं. भारतात जाऊन खरी नृत्यं बघायची, वाद्यं गोळा करायची आणि भारतीय कलाकारांची स्वतःची कंपनी काढायची ही योजना दोघांनी मिळून आखली आणि पैसा बोनर यांनी उभा केला. पुढे याच बोनर काशीत अस्सी घाटावर राहायला आल्या, भारतीय मंदिरशिल्पाच्या मोठ्या अभ्यासक झाल्या आणि भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिलं.

१९३० मध्ये दोघांनी भारतभर प्रवास केला. केरळात त्यांनी कथकली पाहिलं आणि ते थक्क झाले. परतताना उदय शंकर एकटे नव्हते. सोबत आई होती, भाऊ होते, चुलत भावंडं होती, सरोदवादक तिमिर बरन होते आणि ढीगभर वाद्यं होती. सगळ्यात धाकटा भाऊ होता १० वर्षांचा रबिंद्र, म्हणजेच आपले रविशंकर.

या मंडळीत विष्णुदास शिराळीही सामील झाले. पंडित विष्णु दिगंबर पलुसकर यांच्या गांधर्व महाविद्यालयातून तयार झालेले हे संगीतकार पुढे अनेक वर्षं उदय शंकर यांच्या नृत्यांना संगीत देत राहिले.

३ मार्च १९३१ रोजी पॅरिसच्या शांझ-एलिझे थिएटरमध्ये कंपनीचा पहिला प्रयोग झाला आणि पॅरिस त्यांच्या प्रेमात पडलं. १९३२ च्या अखेरीस अमेरिकेतले बडे आयोजक सॉल ह्युरोक यांनी त्यांना न्यूयॉर्कला नेलं. त्यानंतर काही वर्षं युरोप आणि अमेरिकेची गावं पालथी घालणं सुरूच होतं.

पण त्यांच्या नाचात एवढं नवीन होतं तरी काय?

हे समजायला त्या वेळचा भारत आठवावा लागेल. ‘नाच’ हा शब्द तेव्हा शिवीसारखा वापरला जात होता. देवदासी आणि तवायफ यांच्याशी जोडलेली ही कला बंद पाडावी, अशी मोहीम इंग्रज आणि इथले सुधारक दोघेही चालवत होते. मुंबई इलाख्यात १९३४ मध्ये देवदासींबाबतचा कायदा झाला. मद्रासमध्ये रुक्मिणी देवी अरुंडेल यांचं कलाक्षेत्र उभं राहिलं १९३६ मध्ये. म्हणजे आज ज्याला आपण ‘शास्त्रीय नृत्य’ म्हणून मान देतो, त्याला तो मान अजून मिळायचा होता.

अशा वेळी उदय शंकर यांनी चार गोष्टी बदलल्या.

पहिली, वेळ. पारंपरिक नृत्य रात्र-रात्र चालायचं. उदय शंकर यांनी काही मिनिटांच्या छोट्या, बांधेसूद रचना केल्या. ‘इंद्र’, ‘गंधर्व’, ‘कार्तिकेय’, ‘शिव-पार्वती’ अशी एकेक रचना सुरू व्हायची आणि नेमक्या क्षणी संपायची.

दुसरी, रंगमंच. प्रकाशयोजना, वेशभूषा, पडदा, नर्तकांनी कुठे उभं राहायचं, रिकामी जागा किती ठेवायची हे सगळं ते चित्रासारखं आखायचे. आंतरराष्ट्रीय थिएटरची शिस्त त्यांनी भारतीय नाचाला लावली.

तिसरी, संगीत. युरोपात भारतीय विषयाच्या नाचालाही सर्रास पाश्चात्य ऑर्केस्ट्रा लागायचा. उदय शंकर यांनी रंगमंचावरच भारतीय वादक बसवले. सतार, सरोद, बासरी, तबला, मृदंग, झांजा असा ताफा. अनेक युरोपियन श्रोत्यांनी ही वाद्यं आयुष्यात पहिल्यांदा ऐकली ती इथेच. १९३५ च्या सुमारास मैहरचे उस्ताद अल्लाउद्दीन खाँसाहेब या दौऱ्यात सामील झाले. त्यांनी छोट्या रविशंकरला सुनावलं की एकच गोष्ट धर, तरच काही शिकशील. १९३८ मध्ये रविशंकर झगमगाट सोडून मैहरला गेले. जगाला मिळालेला सतारवादक असा एका नृत्य कंपनीतून बाहेर पडला.

चौथी, माणसं. चांगल्या घरातल्या मुली आणि मुलगे एकत्र रंगमंचावर नाचतात, ते काही वाईट नसतं, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिलं. रामपूरच्या खानदानी मुस्लिम घरातल्या आणि जर्मनीत मेरी विगमन यांच्या शाळेत नृत्य शिकून आलेल्या जोहरा १९३५ मध्ये कंपनीत आल्या. बंगालच्या अमला नंदी १९३१ मध्ये अकरा-बारा वर्षांच्या असताना वडिलांसोबत पॅरिसच्या प्रदर्शनाला गेल्या होत्या, तिथेच त्यांची या कुटुंबाशी ओळख झाली. १९४२ मध्ये त्या उदय शंकर यांच्या पत्नी झाल्या.

टीका झालीच

सगळेच खूश होते असं नाही. भारतातल्या जाणकारांचा मुख्य आक्षेप सरळ होता. हे भरतनाट्यम नाही, कथकली नाही, कथकही नाही, मग हे आहे काय? थोडं इकडचं, थोडं तिकडचं घेऊन परदेशी लोकांना आवडेल असा ‘पूर्वेचा’ देखावा उभा केला आहे, असं बोललं गेलं.

या आक्षेपात तथ्य नव्हतं असं म्हणता येणार नाही. पॅरिस आणि न्यूयॉर्कला देव, नाग, गारुडी, राजपुत्र हेच बघायचं होतं आणि सुरुवातीच्या कार्यक्रमांत ते भरपूर होतं.

पण उदय शंकर तिथे थांबले नाहीत. त्यांनी कथकलीचे गुरू शंकरन नंबुद्री यांच्याकडे शिक्षण घेतलं. रवींद्रनाथांनी त्यांचं काम पाहून मनापासून दाद दिली. आणि उदय शंकर यांनी आपल्या नाचाला शास्त्रीय असल्याचं सोंग कधी आणलं नाही. ते त्याला ‘क्रिएटिव्ह’ म्हणजे सर्जनशील नृत्य म्हणायचे.

१९३० चं दशक संपताना त्यांचे विषयही बदलले. ‘रिदम ऑफ लाइफ’मध्ये खेड्यात परतलेल्या तरुणाच्या नजरेतून देशाची अवस्था आली. ‘लेबर अँड मशिनरी’मध्ये शेतातला माणूस कारखान्यात जातो आणि हळूहळू स्वतःच यंत्राचा भाग होतो. नर्तकांचे हात दट्टे होतात, शरीरं चाकं होतात, सगळ्यांची हालचाल एका ठोक्यावर चालते. देवदेवतांच्या नाचाची सवय असलेल्या प्रेक्षकांसमोर गिरणीतला घामेजलेला कामगार आणला गेला, तोही १९३९ च्या आसपास. भारतीय रंगमंचावर आधुनिक नृत्य आलं ते या वळणावर.

अल्मोडा : मोजकी वर्षं चाललेली शाळा

जगभर नाव झाल्यावर उदय शंकर यांनी एक वेगळाच निर्णय घेतला. दौरे कमी करून हिमालयाच्या कुशीत शाळा काढायची.

या कल्पनेला बळ मिळालं इंग्लंडमधल्या डार्टिंग्टन हॉलमध्ये. लेनर्ड आणि डोरोथी एल्महर्स्ट या जोडप्याने तिथे शेती, शिक्षण आणि कला एकत्र नांदतील असं केंद्र चालवलं होतं. लेनर्ड यांनी त्याआधी टागोरांसोबत श्रीनिकेतनमध्ये काम केलेलं होतं. जर्मनीतून बाहेर पडावं लागलेले नृत्यकार कुर्ट योस यांनाही तिथेच आसरा मिळाला होता. उदय शंकर काही महिने डार्टिंग्टनला राहिले आणि एल्महर्स्ट दांपत्याने त्यांच्या केंद्राला मदत देऊ केली.

१९३८ मध्ये उदय शंकर भारतात परतले. अल्मोड्यात ‘उदय शंकर इंडिया कल्चर सेंटर’ सुरू झालं. तिथली शिक्षकांची यादी आज वाचली तरी डोळे विस्फारतात. कथकलीला शंकरन नंबुद्री, भरतनाट्यमला कंदप्पा पिल्लै, मणिपुरीला अमोबी सिंह, संगीताला अल्लाउद्दीन खाँ. हे चार प्रांतांतले गुरू एका छताखाली आणणं हेच त्या काळात नवल होतं. ज्या नर्तकाला स्वतःला लहानपणी गुरू मिळाला नाही, त्याने विद्यार्थ्यांसाठी देशातले अव्वल गुरू गोळा केले होते.

पण खरी मजा उदय शंकर यांच्या स्वतःच्या वर्गात होती. तिथे ते पाठांतर घेत नसत. साधं चालण्यापासून सुरुवात व्हायची. माणूस थकल्यावर कसा चालतो, ओझं उचलताना पाठ कशी वाकते, घाबरल्यावर हात आधी हलतो की मान, हे बघायचं आणि त्यातून हालचाल शोधायची. एखादी कल्पना द्यायची आणि विद्यार्थ्यांनी तिथल्या तिथे नाच रचायचा. आज नाटकाच्या शिबिरांत ‘इम्प्रोव्हायझेशन’ हा शब्द सर्रास ऐकू येतो, ते काम अल्मोड्यात १९४० च्या सुमारास रोज चालायचं.

गावकऱ्यांसाठीही काहीतरी व्हायला हवं म्हणून त्यांनी रामलीला केली, तीही सावल्यांची. उघड्या मैदानात भला मोठा पांढरा पडदा, मागून प्रकाश आणि पडद्यावर नर्तकांच्या सावल्या. दिवा जवळ-लांब केला की सावली लहान-मोठी व्हायची. सिनेमा न बघितलेल्या पहाडी माणसांनी डोंगरउतारावर बसून हा प्रयोग पाहिला.

विद्यार्थ्यांत जोहरा आणि त्यांची बहीण उझरा, अमला, नरेंद्र शर्मा, शांती बर्धन, सचिन शंकर असे कितीतरी होते. जोहरा आणि सिम्की तर शिकवायच्याही. आणि १९४२ च्या सुमारास कोलकात्याहून एक सतरा वर्षांचा मुलगा आला, गुरुदत्त पदुकोण.

हे सगळं मोजकीच वर्षं टिकलं. दुसऱ्या महायुद्धाने परदेशी पैशाची वाट अडवली, प्रवास अवघड झाला, केंद्रात मतभेदही झाले. उदय शंकर यांच्या डोक्यात आता सिनेमा घोळत होता. १९४४ पर्यंत अल्मोड्याचं केंद्र बंद पडलं.

‘कल्पना’ : बंद पडलेल्या शाळेचा सिनेमा

नाच ही अशी कला आहे की प्रयोग संपला की हाती काही उरत नाही. चित्र भिंतीवर राहतं, गाणं रेकॉर्डवर राहतं, नाच नर्तकासोबत जातो. उदय शंकर यांनी आपलं काम फिल्मवर उतरवायचं ठरवलं.

मद्रासच्या जेमिनी स्टुडिओत ‘कल्पना’ तयार झाला. दिग्दर्शक ते, नायक ते, नृत्यरचना त्यांची, नायिका अमला. संगीत विष्णुदास शिराळी यांचं. हिंदीतले मोठे लेखक अमृतलाल नागर यांचा संवादांत हात होता. पुढे दक्षिणेत आणि हिंदीत गाजलेल्या पद्मिनी आणि आपल्या उषा किरण यांचं पडद्यावरचं पहिलं पाऊल इथेच पडलं.

गोष्ट काय? एक लेखक एका निर्मात्याला कथा ऐकवतो. कथेतला उदयन नावाचा नर्तक हिमालयात कलाकेंद्र उभारायचं स्वप्न बघतो. म्हणजे अल्मोडाच. मधे स्वप्नं येतात, यंत्रमानवासारखे कामगार येतात, हुंडा, शिक्षण, प्रांतवाद यांच्यावर टोमणे येतात. शेवटी निर्माता कथा नाकारतो, कारण असला सिनेमा चालणार नाही.

आणि झालंही तसंच. १९४८ मध्ये ‘कल्पना’ आला आणि तिकीटबारीवर आपटला. त्याच स्टुडिओत, त्याच सुमारास तयार झालेला ‘चंद्रलेखा’ मात्र मोठाल्या नगाऱ्यांवरच्या नाचामुळे देशभर तुफान चालला. उदय शंकर यांनी पुन्हा सिनेमा केला नाही.

शाळा बंद झाली, विद्यार्थी मुंबईत आले

अल्मोडा विखुरलं आणि त्यातली बरीच माणसं मुंबई-पुण्याकडे आली. या भागाला इथे खास महत्त्व आहे.

गुरुदत्त १९४४ मध्ये पुण्याला प्रभातमध्ये दाखल झाले. १९४६ च्या ‘हम एक हैं’ची नृत्यं त्यांनी बसवली. याच सिनेमातून देव आनंद पडद्यावर आले आणि दोघांची दोस्ती जमली. पुढे देव आनंद यांनी त्यांना ‘बाजी’ दिग्दर्शित करायला दिला आणि त्याची नृत्यं कोणाकडे गेली? जोहरा सेहगल यांच्याकडे. गुरुदत्त यांच्या गाण्यांत नट उगाच हातवारे करत नाहीत. कॅमेरा, प्रकाश आणि शरीर एकत्र हलतात. हा संस्कार कुठला, हे शोधायला फार लांब जावं लागत नाही.

जोहरा पृथ्वीराज कपूर यांच्या पृथ्वी थिएटरमध्ये दाखल झाल्या आणि त्यांच्यासोबत गावोगाव फिरल्या. त्यांनी काम केलेल्या ‘नीचा नगर’ला १९४६ मध्ये पहिल्याच कान महोत्सवात सर्वोच्च सन्मानात वाटा मिळाला. त्याचं संगीत होतं रविशंकर यांचं.

शांती बर्धन यांची गोष्ट तर वेगळीच आहे. ते मुंबईत अंधेरीला ‘इप्टा’च्या पथकात आले. बंगालच्या दुष्काळाच्या काळात या पथकाने नाच हे लोकांना जागं करण्याचं साधन केलं. ‘स्पिरिट ऑफ इंडिया’ आणि ‘इंडिया इम्मॉर्टल’ ही नृत्यनाट्यं तिथे उभी राहिली. याच पथकासोबत काम करताना रविशंकर यांनी ‘सारे जहाँ से अच्छा’ला आज आपण म्हणतो ती चाल दिली. १९५२ मध्ये बर्धन यांनी मुंबईत ‘लिटल बॅले ट्रूप’ काढलं आणि ‘रामायण’ बसवलं, ज्यात जिवंत माणसं कळसूत्री बाहुल्यांसारखी नाचतात. तेव्हा ते क्षयाने आजारी होते. १९५४ मध्ये ते गेले, पण त्यांच्या पत्नी गुल बर्धन यांनी हे पथक पुढे अनेक दशकं चालवलं आणि शेवटी भोपाळला स्थिरावलं.

सचिन शंकर यांनी मुंबईत स्वतःचं बॅले युनिट काढलं. नरेंद्र शर्मा दिल्लीला गेले आणि त्यांनी शाळेतल्या मुलांपासून ‘भूमिका’ या स्वतःच्या संस्थेपर्यंत कितीतरी पिढ्या घडवल्या. आणि सिम्की यांनी ‘आवारा’चं स्वप्न रचलं.

अखेरची वर्षं

‘कल्पना’नंतर उदय शंकर हरून बसले नाहीत. १९६१ मध्ये टागोर जन्मशताब्दीला त्यांनी ‘सामान्य क्षति’ हे नृत्यनाट्य केलं. थंडीत नदीवर स्नानाला गेलेली राणी ऊब मिळावी म्हणून गरिबांच्या झोपड्या पेटवते आणि तिला वाटतं, एवढ्याशा नुकसानाचं काय! राजा तिला राजवस्त्रं उतरवायला लावून भीक मागून ती घरं पुन्हा बांधायला पाठवतो. संगीत होतं रविशंकर यांचं. १९६५ मध्ये कोलकात्यात त्यांच्या नावाचं केंद्र पुन्हा सुरू झालं. ते पुढे अमला यांनी वर्षानुवर्षं चालवलं.

सत्तरीत त्यांनी ‘शंकरस्कोप’ नावाचा प्रयोग केला. पडद्यावर सिनेमातलं पात्र चालत येतं आणि पडद्याच्या फटीतून तेच पात्र जिवंत रंगमंचावर उतरतं. आज नाटकांत एलईडी पडदे बघून आपण टाळ्या वाजवतो, हे त्यांनी १९७० च्या सुमारास केलं.

१९६२ मध्ये त्यांना संगीत नाटक अकादमीची फेलोशिप मिळाली, तर १९७१ मध्ये पद्मविभूषण. २६ सप्टेंबर १९७७ रोजी कोलकात्यात त्यांचं निधन झालं. मुलगा आनंद शंकर यांनी सतार आणि रॉक एकत्र आणून संगीतात नाव काढलं. मुलगी ममता शंकर नर्तिका आणि मृणाल सेन, सत्यजित राय यांच्या सिनेमांतली अभिनेत्री म्हणून ओळखली गेली.

मग आज ते विस्मरणात का?

एक कारण त्यांच्या शिकवण्यातच आहे. भरतनाट्यम किंवा कथकमध्ये घराणं असतं, ठरलेले अडव असतात, तुकडे असतात. गुरू गेले तरी विद्यार्थी तेच नाचतात. उदय शंकर यांनी ठरलेलं काही दिलंच नाही. स्वतः बघा आणि स्वतःचं शोधा, एवढंच सांगितलं. म्हणून त्यांच्यासारखं नाचणारे फार उरले नाहीत. पण त्यांच्याकडून निघालेला एक सिनेमा दिग्दर्शक झाला, एक अभिनेत्री, एक सतारवादक, एकाने माणसांच्या बाहुल्या केल्या. परंपरा टिकवण्यासाठी तिची नक्कल करावी लागते का, हा प्रश्न त्यांच्यामुळे भारतीय नृत्यात आला आणि तो अजून मिटलेला नाही.

दुसरं कारण साधं आहे. त्यांचा नाच बघायला मिळतच नव्हता. मोठ्या प्रमाणात उरला होता तो फक्त ‘कल्पना’ आणि त्याच्याही प्रती खराब होत चालल्या होत्या. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जपलेल्या फिल्मवरून, मार्टिन स्कॉर्सेसी यांच्या पुढाकाराने चालणाऱ्या संस्थेने इटलीत बोलोन्याला हा सिनेमा दुरुस्त करून घेतला. २०१२ मध्ये कान महोत्सवात तो दाखवला गेला, तेव्हा नव्वदी पार केलेल्या अमला शंकर साडी नेसून रेड कार्पेटवर हजर होत्या. २०२० मध्ये, वयाच्या १०१ व्या वर्षी त्या गेल्या.

१९४८ मध्ये जो सिनेमा बघायला प्रेक्षक आले नाहीत, त्याच सिनेमाने पुढे त्याच्या निर्मात्याचा नाच वाचवला. ‘कल्पना’मधला निर्माता म्हणाला होता की असलं काही चालणार नाही. त्याचा अंदाज तिकीटबारीपुरता खरा ठरला.